आकडा बावन्न, पाणी कोमट: सहकारनगरातल्या एका सोलर हीटरचं प्रकरण

तक्रार एका ओळीची होती. पावसाळी सकाळी भिंतीवरचा डिस्प्ले ५० च्या वरचा आकडा दाखवतो, बॅकअप हीटरचा लाल दिवा विझतो आणि नळाला येतं ते पाणी कोमट. दुपारी ऊन पडलं की सगळं ठीक. सर्व्हिसवाला नेमका दुपारीच यायचा, त्यामुळे त्याला दोष कधी दिसलाच नाही. जूनच्या अखेरीस त्याने टाकीतला सेन्सर बदलला. चार दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. पुढच्या खेपेला तो म्हणाला, कंट्रोलर गेलाय, साडेचार हजार पडतील. तेव्हा काकांनी मला फोन केला.

काका म्हणजे आमचे जुने शेजारी, बँकेतून निवृत्त झालेले. माझं काम भोसरीतल्या एका कारखान्यात तापमान आणि दाब मोजणारी उपकरणं सांभाळण्याचं. सोलर किंवा प्लंबिंग हा माझा धंदा नव्हे. पण सेन्सरचं दुखणं भट्टीवर असो की गच्चीवर, ते शोधायची रीत एकच. शिवाय साडेचार हजारांचा भाग केवळ संशयावरून बदलायचा, हे काकांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

यंत्रणा काय आहे

दुमजली बंगला. गच्चीवर काचेच्या नळ्यांचा २०० लिटरचा सोलर हीटर, पंप वगैरे काही नाही. नळ्यांत तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं. पुण्यात ऑक्टोबर ते मे या काळात कुणाला तक्रार करायला जागा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र खडकवासल्याकडून ढग सरकायला लागले की सूर्याचं तोंड दिसत नाही, आणि मग टाकीतल्या २ किलोवॅटच्या विजेच्या हीटरवर घर चालतं.

हा हीटर कधी लावायचा ते पहिल्या मजल्यावरच्या जिन्यापाशी बसवलेला छोटा कंट्रोलर ठरवतो. पहाटे ५ ते ७ त्याची वेळ लावलेली. त्या वेळात टाकीतलं पाणी ४५ अंशांच्या खाली असेल तर हीटर चालू, ५० ला बंद. तापमान कळावं म्हणून टाकीच्या बाजूला एक कोरडी नळी आत शिरलेली असते, तिच्यात सेन्सर. सेन्सरपासून कंट्रोलरपर्यंत दोन तारांची वायर, पंधराएक मीटर: गच्चीच्या कठड्यावरून, भिंतीच्या कडेने, खिडकीच्या वर भोक पाडून आत.

सेन्सर म्हणजे एनटीसी जातीचा थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) उतरतो. पाकिटावर छापलं होतं ‘१०के, ३९५०’. म्हणजे २५ अंशांना १० किलोओहम, आणि पुढे किती वेगाने उतरायचं ते दुसऱ्या आकड्यावरून. या जातीचा सेन्सर ४० अंशांना सुमारे ५.३, ५० ला ३.६ आणि ६० ला २.५ किलोओहम दाखवतो. कंट्रोलरच्या पोटात हेच कोष्टक भरलेलं असतं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कंट्रोलरला टाकीतलं पाणी दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त आपल्या दोन स्क्रूंच्या मधला रेझिस्टन्स. त्या दोन स्क्रूंच्या पलीकडे जे जे जोडलं आहे ते सगळं त्याच्या लेखी सेन्सरच: वायर, सांधे, सांध्यावरची टेप, टेपवरची ओल.

काकांची वही

मी गेलो तेव्हा लख्ख ऊन होतं. डिस्प्लेवर ४३, नळाला पाणीही तसंच. कुठे काही बिघडलंय असं वाटणार नाही.

काकांनी वही काढली. बँकेच्या जुन्या डायरीत त्यांनी पट्टीने रकाने आखले होते: वेळ, आकडा, लाल दिवा, पाणी, आकाश. ‘पाणी’च्या रकान्यात कडक, बरं आणि कोमट अशा तीनच नोंदी. काकू म्हणाल्या, “ह्यांना आंघोळीपेक्षा नोंदीचीच घाई.” मला मात्र ती वही पाहून बरं वाटलं. कारखान्यात असल्या नोंदी ठेवा म्हणून लोकांच्या मागे लागावं लागतं.

एका सकाळच्या ओळी अशा होत्या. ५ वाजता ३५, दिवा लागलेला. ५.३० ला ३९, दिवा लागलेला, शेऱ्यात ‘पाऊस सुरू, वारा’. ५.४५ ला ५१, दिवा बंद. ६.१५ ला ५२, पाणी कोमट.

पहिला अर्धा तास बघा. २०० लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ८४० किलोज्यूल लागतात. २ किलोवॅटचा हीटर ते सात मिनिटांत देतो. अर्ध्या तासात चार अंश, म्हणजे ३५ चे ३९. वही आणि हिशोब अगदी जुळतात. तोवर सेन्सरही शहाणा आणि हीटरही शहाणा. पुढच्या पाव तासात मात्र बारा अंश. तेवढं पाणी तेवढ्या वेळात तापवायला ११ किलोवॅटचा हीटर लागेल. हीटरच्या वरचंच पाणी तापतं असं धरून निम्मी टाकी मोजली, तरी साडेपाच लागतील. घरात आहे दोनचा. सूर्य उगवायला अजून अवकाश होता. एवढी उष्णता आली कुठून?

कुठूनच आली नाही. पाणी तापलं नव्हतं, आकडा तापला होता. ५१ दिसल्यावर कंट्रोलरने इमानेइतबारे हीटर बंद केला आणि टाकी चाळिशीतच राहिली.

मी काकांना म्हटलं, “कंट्रोलरच्या अकलेत काही खोट दिसत नाही. त्याच्या कानावर खोटं घातलं जातंय.”

“पण खोटं सांगणारा सेन्सर तर नवा घातला की!”

हाच प्रश्न होता.

आकडा कोणत्या बाजूला चुकतो

सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष दोनच तऱ्हेने शिरतो. एक, वाटेत कुठेतरी जास्तीचा रेझिस्टन्स येतो: स्क्रू ढिला, तार गंजलेली, पीळ सुटलेला. तो सेन्सरच्या रेझिस्टन्समध्ये मिळवला जातो. एकूण वाढतो आणि एनटीसीच्या कोष्टकात जास्त रेझिस्टन्स म्हणजे थंड. आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

दोन, दोन तारांच्या मध्ये चोरवाट तयार होते. थोडा प्रवाह सेन्सरला वगळून तिथूनच परततो. कंट्रोलरला एकूण रेझिस्टन्स कमी दिसतो, आणि कमी म्हणजे गरम. आकडा खऱ्यापेक्षा जास्त.

आपल्याकडे आकडा जास्त होता, म्हणजे ढिला स्क्रू आणि तुटकी तार हे संशयित इथेच सुटले. शोधायची होती ती चोरवाट, आणि ती पावसातच उघडत होती म्हणजे ओल आली. किती मोठी चोरवाट हेसुद्धा वहीवरून काढता येतं. खरं पाणी ४० धरलं तर सेन्सर ५.३ किलोओहम. डिस्प्ले ५१ म्हणतो, म्हणजे त्याला ३.५ च्या आसपास दिसतात. हा फरक पडायला समांतर साधारण १० किलोओहम जोडलेले हवेत. ओल्या, मळक्या सांध्यातून एवढी गळती सहज होते.

दोन्हींत धोक्याचा कोणता, असं काकांनी विचारलं. पहिला. आकडा कमी दिसला की हीटर वेळेवर बंद होत नाही. खरं पाणी ६० ला असताना सांध्यात १.१ किलोओहम वाढले तर डिस्प्ले ५० म्हणतो, आणि ६० म्हणेपर्यंत टाकी सत्त्याहत्तरला पोचलेली असते. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाच्या कातडीलाही काही सेकंदांत भाजतं, मग सत्त्याहत्तरचं काय सांगावं. म्हणून हीटरला स्वतःचा वेगळा थर्मोस्टॅट हवा, या सेन्सरवर अजिबात न विसंबणारा. काकांच्या हीटरला तो आहे, आणि वायरमनकडून तो चालतो की नाही हेही पाहून घेतलं.

आधी बाकीच्यांना सोडवलं

गळतीचा संशय पक्का असला तरी कोमट पाण्याला दुसरी कारणं असतात, आणि ती घरात जास्त आढळतात. पहिलं म्हणजे बाथरूमचा मिक्सर. हँडशॉवरचं टोक बंद आणि मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवल्या की थंड पाणी मिक्सरमधूनच गरम लाइनमध्ये शिरतं, आणि भलत्याच नळाला कोमट पाणी येतं. तपासणी सोपी आहे. गच्चीवर टाकीतून निघणाऱ्या गरम पाण्याचा कॉक बंद करायचा आणि खाली गरम नळ सोडायचा. पाइपातलं उरलंसुरलं पाणी येऊन धार थांबली पाहिजे. वाहतच राहिली तर थंड पाणी कुठून तरी घुसतंय. काकांकडे थांबली. पुण्यातल्या निम्म्या ‘सोलर बिघडला’ तक्रारी इथेच मिटतील असं माझं मत आहे. पुराव्याला आकडेवारी नाही, फक्त नातेवाइकांची घरं आहेत.

दुसरं, कंट्रोलर. त्याची परीक्षा घ्यायला तपकीर गल्लीतून साधे रेझिस्टर आणले. मुख्य स्विच बंद करून सेन्सरच्या तारा सोडवल्या, त्यांच्या जागी रेझिस्टर लावला, झाकण बसवलं आणि मग स्विच चालू केला. १० किलोओहमला डिस्प्लेने २५ दाखवले, ४.७ ला ४३, २.२ ला ६४. कोष्टकाप्रमाणे अगदी हेच यायला हवं होतं. साडेचार हजार तिथेच वाचले.

हे घरी करून बघणाऱ्यांसाठी एक सूचना, आणि ती मनावर घ्या. अशा बऱ्याच स्वस्त कंट्रोलरांत ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्ट एका कपॅसिटरमधून उतरवून सर्किट चालवलेलं असतं. म्हणजे सेन्सरचे दोन स्क्रू वरवर पाच व्होल्टचे वाटले, तरी जमिनीच्या तुलनेत त्यांच्यावर घरातली पूर्ण वीज असू शकते. गच्चीवर ओल्या पायांनी उभं राहून चालू कंट्रोलरच्या सेन्सरची तार हातात धरणं म्हणजे शॉकला आमंत्रण. आधी एमसीबी खाली, मग टेस्टरने खात्री आणि मगच हात.

तिसरं, जुना सेन्सर. काकांनी तो अर्थातच टाकलेला नव्हता. ड्रॉवरमध्ये पाकिटासकट होता. काकूंनी बर्फ फोडून दिला. चुरलेला बर्फ आणि तो जेमतेम बुडेल इतकं पाणी, हे मिश्रण शून्य अंशाचं असतं. त्यात सेन्सर पाच मिनिटं ठेवला. मीटर ३२ किलोओहमच्या थोडा वर स्थिरावला, बरोबर. मग गरम पाण्यात स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरशेजारी धरला: ६० ला अडीच किलोओहम. हेही बरोबर. उकळत्या पाण्यातही बघता येतं, फक्त पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर असल्याने इथे पाणी शंभरला नाही, अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. दोन अंशांची चूक सेन्सरच्या नावावर टाकू नये.

म्हणजे बदललेला सेन्सर चांगलाच होता. सर्व्हिसवाल्याला मी फार दोष देणार नाही. तापमान चुकतंय म्हटल्यावर सेन्सर बदला, असंच त्याला शिकवलेलं. बदलल्यावरचे चार दिवस बरे का गेले, तेही वहीत होतं. त्या चारही ओळींत आकाशाच्या रकान्यात ‘कोरडं’.

पावसाची सकाळ

पुढचं काम दोष हजर असतानाच करायचं होतं. काकांना सांगून ठेवलं, आकडा उडी मारेल त्या सकाळी फोन करा, कशालाही हात लावू नका. फोन आला तेव्हा पश्चिमेचा वारा आणि तिरका पाऊस होता. मी पोचलो तेव्हा डिस्प्लेवर ५२. टाकीच्या तोंडाशीच बादलीत थोडं पाणी काढून थर्मामीटर बुडवला, तर ३८.

एमसीबी खाली. कंट्रोलरच्या स्क्रूंतून दोन तारा सोडवल्या आणि त्यांच्यात रेझिस्टन्स मोजला. ३.३ किलोओहम. ३८ अंशांना सेन्सर ५.७ किंवा ५.८ दाखवायला हवा. चोरवाट वायरीच्या बाजूला होती आणि ती अजून उघडीच होती.

गच्चीवर टाकीच्या लोखंडी स्टँडला बांधलेला एक प्लॅस्टिकचा डबा होता. सर्व्हिसवाल्यांनी सेन्सरची आखूड वायर आणि खालून आलेली लांब वायर त्यात जोडलेली. वायर आत घ्यायचं भोक वरच्या अंगाला, तेही पश्चिमेकडे तोंड करून. म्हणजे वाऱ्याने झोडपलेला पाऊस थेट आत. झाकण काढलं तर तळाशी बोटभर पाणी आणि त्यात कबुतरांच्या विष्ठेचा पांढरट चिखल. वायरी पिळून काळी टेप गुंडाळलेली. टेपचा डिंक पातळ होऊन ओघळलेला, टेप सैल. आतलं तांबं हिरवं पडलं होतं आणि दोन सांध्यांच्या मध्ये त्या हिरवट पांढऱ्या मिठाची साय धरली होती.

नुसतं पावसाचं पाणी विजेचं वाईट वाहक आहे. त्यात विष्ठेतले क्षार आणि तांब्याचे क्षार विरघळले की ते चांगलंच वाहायला लागतं. सुकलं की क्षार तिथेच राहतात पण वाट बंद होते. म्हणून दुपारी सगळं आलबेल.

सांधा सोडवला आणि एकेक भाग वेगळा मोजला. सेन्सरची बाजू: ५.७. नवा सेन्सरही चांगला. मग फक्त लांब वायर, दोन्ही टोकं मोकळी, कशालाच न जोडलेली. दोन तारांमध्ये काहीही दिसायला नको. मीटरने ८ किलोओहम दाखवले, आणि तो आकडा स्थिर नव्हता. सरकत साडेआठ, नऊ. मीटरच्या लाल-काळ्या पिना उलट केल्यावर एकदम ११. ही ओलीची सही आहे. खरा रेझिस्टर पिना उलट केल्या म्हणून आकडा बदलत नाही. ओल्या मिठात विद्युतघटाचा खेळ चालू असल्याने मीटर तिथे गोंधळतो. हा गोंधळ दिसला की ओल आहे हे नक्की समजावं.

वायरीचं डब्यातलं टोक नीट पाहिलं. घरातली चपटी जोडवायर होती ती, आत भिंतीच्या कडेने मारायची असते तसली. उन्हाने तिचं प्लॅस्टिक कडक होऊन चिरा पडल्या होत्या, आणि चिरांतून पाणी आत शिरून तारांच्या कडेने वर चढलं होतं. वीतभर तुकडा कापून टाकला. पुन्हा पिना लावल्या. मीटरवर ‘ओएल’, म्हणजे मोजण्यापलीकडे. चोरवाट त्या वीतभर तुकड्यात होती.

८ किलोओहम आणि ५.७ समांतर धरले की ३.३ येतात. जिन्यापाशी मोजलेला आकडा हाच. कंट्रोलर या ३.३ चे ५२ अंश वाचत होता. तिन्ही मोजमापं एकमेकांना धरून होती, त्यामुळे आणखी काही लपलंय का ही शंका उरली नाही.

दुरुस्ती

खरं तर तुकडा कापल्यावर तिथल्या तिथे जोडून निघता आलं असतं. पण कठड्यावरची उरलेली वायरही तशीच तडकलेली होती. पुढच्या श्रावणात दुसरीकडे फुटली असती. म्हणून बाहेरचा पूर्ण भाग बदलला.

बाहेरच्या वापराची, काळ्या जाड आवरणाची गोल दोन तारांची केबल घेतली. दुकानदाराने ‘लांबी पंधरा मीटर आहे तर जाड तांबं घ्या’ म्हणून आग्रह केला. एनटीसीला त्याची गरज नसते. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तारेचा जाऊन-येऊन तीस मीटरचा रेझिस्टन्स जेमतेम एक ओहम. ६० अंशांच्या आसपास हा सेन्सर एका अंशाला ८८ ओहम बदलतो. एक ओहमने काय होणार? आमच्याकडे भट्ट्यांवर पीटी-१०० हा प्लॅटिनमचा सेन्सर असतो, तिथे गोष्ट वेगळी. एका अंशाला ०.४ ओहमसुद्धा नाही, त्यामुळे एका ओहमने अडीच अंशांची चूक पडते आणि म्हणून तिसरी तार ओढावी लागते. जाड तांब्याचा सल्ला तिथला, इथे लागू नाही. इथे पैसे आवरणावर घालावेत.

सांधे सोल्डर केले. प्रत्येक तारेवर आतून डिंक असलेली श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी), दोन्ही सांधे एकमेकांपासून बोटभर मागेपुढे, वरून एक मोठी स्लीव्ह. तापवल्यावर डिंक कडेने बाहेर येतो. तो दिसला तरच सांधा बंद झाला. नवा डबा रबरी गॅस्केटचा, केबल खालच्या अंगाने ग्लँडमधून, म्हणजे केबलभोवती आवळून बसणाऱ्या बुचातून, आत. डब्यात शिरण्याआधी केबलला खाली एक झोल दिला, म्हणजे तिच्यावरून वाहणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकतं, डब्यात चढत नाही.

सेन्सरही नीट बसवला. नव्याने घातलेला तो नळीत अर्धाच सरकलेला होता आणि भोवती हवा. उष्णता वाहणारी पेस्ट लावून तो तळापर्यंत ढकलला, तोंडाशी सिलिकॉन. याने आकड्यात मोठा फरक पडला नाही, पण टाकीतल्या बदलाची खबर आता लवकर लागते.

जुना सेन्सर परत घालायचा का, यावर काकांचं आणि माझं थोडं वाजलं. दोन्ही चांगले असताना नवा काढण्यात अर्थ नव्हता. जुना सुटा म्हणून ड्रॉवरमध्ये परत गेला, या वेळी चिठ्ठी लावून. सुटा विकत घेणाऱ्यांनी मात्र ‘१०के’ एवढंच बघून घेऊ नये. बाजारात १०के सेन्सर ३९५० चाही मिळतो आणि ३४३५ चाही. २५ अंशांना दोन्ही सारखेच, त्यामुळे दुकानात मोजून फरक कळत नाही. ३९५० च्या कंट्रोलरला ३४३५ चा जोडला तर ६० अंशांचं पाणी ५५ दिसतं, म्हणजे पुन्हा आकडा कमी, धोक्याच्या बाजूला.

केबल, डबा, ग्लँड, स्लीव्ह सगळं धरून हजाराच्या आत भागलं.

तपासणी

जोडण्याआधी केबलची दोन्ही टोकं मोकळी ठेवून दोन तारांत मोजलं: ओएल. काकांनी डब्यावर अर्धी बादली पाणी ओतलं, पश्चिमेच्या बाजूने, मुद्दाम हबके मारून. पुन्हा ओएल. मग जोडणी करून टाकीच्या तोंडाशी थर्मामीटर आणि जिन्यापाशी डिस्प्ले असं एकाच वेळी वाचलं. फरक एका अंशाच्या आत. मिनिटाला आकडा किती चढतो तेही बघितलं. हीटर चालू असताना साधारण सात मिनिटांना एक. २०० लिटरला तेवढाच वेळ लागायला हवा.

खरी परीक्षा पावसाची. त्यानंतरच्या पावसाळी सकाळींच्या ओळी काकांनी फोटो काढून पाठवल्या. ५ वाजता ३६, ६ वाजता ४४, ६.४५ ला ५०, दिवा बंद, पाणी ‘कडक’. मध्ये कुठेही उडी नाही, शेऱ्यात ‘मुसळधार’ असतानाही.

त्यांची नवी तक्रार अशी आहे की डिस्प्ले ५० म्हणतो तेव्हा खालच्या बाथरूममध्ये थर्मामीटर ४७ दाखवतो. हे तीन अंश सेन्सरचे नाहीत, पाइपाचे आहेत. गच्चीपासून तळमजल्यापर्यंतच्या उघड्या पाइपात पाच-सहा लिटर पाणी थंड पडून असतं, आणि ते निघून गेल्यावरही वाटेत उष्णता जात राहते. पाइपाला फोमचं आवरण घाला असं सांगितलंय. काका म्हणाले, आधी आवरणाचा भाव काढतो, मग वाचणाऱ्या युनिटांचा हिशोब करतो, मग ठरवू.

एक काम राहिलंय. हीटरची २३० व्होल्टची वायर आणि सेन्सरची जुनी वायर कठड्यावर एकाच पाइपातून नेलेल्या होत्या. नवी सेन्सर केबल मी वेगळ्या पाइपातून नेली, पण हीटरची वायरही तेवढीच उन्हात तापलेली आणि तेवढीच जुनी आहे. तिला मी हात लावलेला नाही. ते परवानाधारक वायरमनचं काम. दसऱ्यानंतर गच्ची सुकली की तो येऊन ती बदलणार आहे, आणि त्याच वेळी हीटरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवणार आहे. आजवर तो तिथे नव्हताच.